मनोऱ्यावरच्या मुलीचा रंग

५ मार्च

प्रिय खारूताई,

आज दुपारी चहा गाळताना तुझी आठवण झाली. तू शाळेच्या शेवटच्या वर्षाला असशील. मी लग्न होऊन आले त्याला फार दिवस झाले नव्हते, आणि कुठला डबा कुठे ठेवलाय हे मला अजून सापडत नव्हतं. कोऱ्या चहाचा कप ओट्यावर ठेवून मी दूध घ्यायला वळले. परत बघते तर तू पाठीवर दप्तर, बाही कोपरापर्यंत वर, आणि हात त्या कपाशेजारी धरून उभी. एकदा चहाकडे बघायचीस, एकदा हाताकडे.

मी विचारलं, "भाजलं का गं?"

तू म्हणालीस, "नाही वहिनी. रंग शोधतेय. खडूच्या पेटीत मी नाहीये."

तेव्हा मी हसले. रात्री मात्र आमच्या कॉन्व्हेंटचा चित्रकलेचा तास आठवला. पेटीतल्या फिकट गुलाबी खडूला आम्ही सगळ्या 'स्किन कलर' म्हणायचो. सिस्टरही म्हणायच्या. माझा रंग त्या खडूच्या बराच जवळचा, म्हणून मला त्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुला हे सांगितलं तर तू पेन्सिलीला टोक करता करता विचारलंस, "कुणाच्या स्किनचा?" माझ्या मते आपलं पुस्तक त्या दिवशी सुरू झालं. लिहिलं पुष्कळ नंतर.

फोन तू उचलत नाहीस, माझाही नाही. शेजारी दादा बसला असेल असं तुला वाटत असणार. पत्र निदान उघडशील.

कारण सांगते. आपला छापखाना बंद होतोय. दादाच्या गुडघ्यांना तो लोखंडी जिना झेपत नाही, आणि कामही पूर्वीसारखं येत नाही. मोठं मशीन विकलं. घेणारा एप्रिलच्या अखेरीला येऊन खोलून नेणार आहे. तुझा दादा रोज जाऊन ते पुसून येतो, जसं काही त्याला सासरी जायचंय.

आपला मशीनमन तुला आठवत असेल. कशालाही 'हूं' म्हणायचा म्हणून तू त्याचं नाव हूंकाका ठेवलं होतंस. त्याची नजर अधू झाली तेव्हापासून त्याची धाकटी लेक मशीन चालवते. सुरुवातीला गिऱ्हाइकं आत डोकावून म्हणायची, "मशीनमनला बोलवा." ती हात पुसत पुढे यायची आणि म्हणायची, "बोला." गिऱ्हाईक इकडेतिकडे बघत राहायचं. ती पुन्हा म्हणायची, "बोला की. मशीनला कळतं माझं, तुम्हालाही कळेल." काळीसावळी, उंच, आणि कामाला अशी पक्की की कागदाच्या आवाजावरून सांगते, कुठे अडकणार आहे ते. तू तिला बघायला हवीस.

परवा ती आपलं पुस्तक घेऊन आली. 'मनोऱ्यावरची मुलगी'. तिच्या जुन्या शाळेने रद्दीत काढलं होतं, पाठीला चिकटपट्ट्या, कोपरे कुरतडलेले. म्हणाली, "काकू, मशीन जायच्या आधी हे पुन्हा छापू या. पण नीट."

"नीट म्हणजे?"

"हिला हिचा चेहरा परत द्यायचा."

खारूताई, माझे शब्द माझ्याकडे आहेत, पण चित्रं तुझ्याकडे. तू हो म्हटल्याशिवाय एक ओळसुद्धा मशीनवर चढणार नाही, असं दादाने स्वतः सांगितलंय. वेळ थोडा आहे. कळव.

तुझी,
वहिनी

२२ मार्च

प्रिय खारूताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी पोस्टमनला नावं ठेवून मोकळी झाले.

ते पुस्तक माझ्या टेबलावर आहे. रोज थोडं वाचते. गावाचं घड्याळ बंद पडतं, मोठी माणसं दुरुस्ती कुणी करायची यावर भांडत बसतात, आणि एक मुलगी शाळा सुटली की मनोरा चढायला लागते. रोज कालच्यापेक्षा थोडी वर. कच्च्या लिखाणात मी तिला 'चॉकलेटी गालांची' म्हटलं होतं. तू त्यावर आडवी रेघ मारलीस आणि समासात लिहिलंस, 'मुलगी आहे का मिठाई?' मी खोडून नुसतं 'सावळी' लिहिलं. तू म्हणालीस, "हं, आता ती जिना चढू शकेल."

लोकांना वाटतं ती मुलगी मी कल्पनेतून काढली. मी तर तुझ्याकडे बघून उतरवून घेत होते. शाळेच्या नाटकात बाईंनी तुला परी करायचं सोडून झाड केलं, आणि तू झाडाच्या आत उभं राहून सगळ्यांचे संवाद पाठ केलेस. परीला ऐन वेळी ताप भरला तेव्हा झाड पुढे आलं आणि परीचं बोललं. पानांसकट. माझ्या शाळेत इतक्या सुंदर गोष्टींची पुस्तकं होती, सोनेरी केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या मुली घोड्यावर बसून कुठे कुठे जायच्या. त्यातल्या एकीलाही झाडातून बाहेर यावं लागलं नव्हतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

पुस्तक छापून आलं त्या दिवशी आपण कुणीच ते बघितलं नाही. सगळे तुझ्याकडे बघत होतो. तू गठ्ठ्यातली वरची प्रत उचललीस, आणि मुखपृष्ठावरच्या मुलीचा चेहरा फिका. गोरी नव्हती ती, पण चुना लागल्यासारखी. तू दादाला विचारलंस, "ही कोण? माझ्याच घरात मला पुसलं?" दादा म्हणाला, "छापखाना माझा आहे. इथून जे बाहेर पडतं त्याला मी जबाबदार." एवढंच. ते तू कबुली म्हणून घेतलंस, मीही घेतलं. संध्याकाळी तू ब्रशांची गुंडाळी आणि चित्रांचा फोल्डर काखेत मारून निघून गेलीस. प्रती शाळांनी आधीच मागवल्या होत्या, त्या गेल्या. घरात दादाने एकही ठेवू दिली नाही.

त्यामुळे ते मुखपृष्ठ उजेडात धरून मी पहिल्यांदा आत्ता बघितलं. ती शिडीवर उभी आहे, दोन्ही हात बाजूला पसरून विटांना धरलेले. हात छान सावळे आहेत, तू काढलेले. फिका आहे तो चेहराच. पण तिच्या डोक्यावरच्या विटाही फिक्या आहेत, खारूताई. आणि पायाखालची शिडीची पायरीसुद्धा. कागदाच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एक उभा पट्टा फिका आहे, आणि तिचा चेहरा त्या पट्ट्यात सापडलाय.

इतकी वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली, हे मला कळायला हवंच. चेहरा उजळ करायचा असं दादाने ठरवलं असतं तर ते छपाईची प्लेट करतानाच झालं असतं, आणि नुसता चेहरा बदलला असता. हा पट्टा मशीनवरचा आहे. शाई सोडायचे स्क्रू ओळीने असतात. त्यातला एक आवळला की कागदाच्या तेवढ्या उभ्या पट्ट्यात शाई कमी उतरते. स्क्रूला चेहरा आणि वीट यातला फरक कळत नाही.

मी हूंकाकाला चहाला बोलावलं. लेक त्याला हाताला धरून घेऊन आली. मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्याने ते डोळ्यांजवळ नेलं आणि कप खाली ठेवला.

"वहिनी, स्क्रू मी आवळला."

"साहेबांनी सांगितलं होतं?"

"साहेब त्या दिवशी पहिल्या तावावर सही करून कागद आणायला गेले होते."

"मग का?"

त्याने पुस्तक मांडीवर ठेवलं. मग इतकं बोलला, जितकं मी त्याला जन्मात बोलताना ऐकलं नव्हतं. "प्रत्येक गिऱ्हाईक येऊन एकच सांगायचं, चेहरा उजळ येऊ द्या. लग्नाचा फोटो असो, निवडणुकीचा असो, नाहीतर साबणाचं कॅलेंडर. माझा हात आपोआप तिकडे जायचा. आणि तेव्हा ही माझी धाकटी एवढीशी होती. हिला बघायला जो यायचा तो म्हणायचा, नाक छान आहे हो. म्हणजे बाकीचं गिळायचे. मला वाटलं, पुस्तकातल्या पोरीला तरी कुणी तसं बोलायला नको. मी तिचं भलंच केलं, वहिनी. मला वाटलं ताई खूश होतील."

"आणि साहेबांना कळलं तेव्हा?"

"साहेब म्हणाले, तू मशीन बघ. बाकीचं माझं."

लेक दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "बाबा, मी तिसरीत असताना तुम्हाला विचारलं होतं. हिचे हात एका मुलीचे आणि तोंड दुसरीचं का?"

"हूं."

"तेव्हाही हेच म्हणालात."

आम्ही तिघंही हसलो. हसता हसता तो डोळे पुसायला लागला. तिने त्याचा कप उचलून त्याच्या हातात दिला आणि खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

मला तुझ्याकडून काही वदवून घ्यायचं नाही. फक्त तुला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आता दोघींना आहे.

वहिनी

६ एप्रिल

प्रिय खारूताई,

तुझं कार्ड आलं. चार चित्रं मावतील एवढ्या कोऱ्या जागेत तुझी एक ओळ: 'मग दादाने तेव्हाच का नाही सांगितलं?'

मी ते त्याच्यासमोर धरलं. तो खिडकीत बसून चष्मा पुसत होता. वाचलं, पुन्हा चष्मा पुसला.

"सांगून काय झालं असतं? ती मशीनमनवर चिडली असती. त्याच्या घरात ती एवढीशी पोर. त्या माणसाला मी काय सांगणार होतो, की तू स्वतःच्या पोरीचाच अपमान केलास? त्याला कळलं असतं तर त्याने मशीनला पुन्हा हात लावला नसता."

"म्हणून स्वतःची बहीण घालवलीत?"

"सवय मीच लावली होती ना त्याला. 'चेहरा उजळ घे रे' हे त्याला पहिल्यांदा कोण म्हणालं? मीच. स्क्रूवर हात त्याचा, पण आवळला मी. मी तिला खोटं काहीच बोललो नाही."

"अहो, पण समजावता आलं असतं."

"तिला?" दादाला हसू आलं. "ती बोलली आणि जिना उतरून गेली. मागे वळून बघतेय का कधी ती? म्हणून तर मनोरे चढते."

हे तो रागाने म्हणाला नाही. तू पहिल्यांदा सायकलवरून पडलीस आणि तशीच, गुडघा फुटलेला, पुन्हा सायकलवर चढलीस, ते शेजाऱ्यांना सांगताना त्याचा जो आवाज असायचा, तो होता. मग त्याने जे सांगितलं ते मलाही नवीन.

मागच्या हिवाळ्यात शाईवाल्याकडे जाऊन येतो म्हणून तो बाहेरगावी गेला होता. शाई काही आणली नाही, मी विचारलंही नाही. तो तुझ्या शहरात आला होता, खारूताई. तू मुलांच्या इस्पितळाची ती लांबलचक भिंत रंगवत होतीस, तिच्यासमोरच्या बाकावर बसून त्याने डबा खाल्ला.

"पोरीच पोरी काढल्यात," तो मला सांगत होता. "एक समुद्रात बुडी मारणारी, एक शस्त्रक्रिया करणारी, एक लोखंड जोडणारी. म्हाताऱ्या बायकाही आहेत, आकाशात दुर्बीण लावून बसलेल्या. कुणी गव्हाळ, कुणी काळी, कुणी तांबूस काळी, कुणी अशी काळी की निळी दिसावी. तू जेवायला गेली असशील म्हणून मी जवळ जाऊन बघून आलो. एकीचाही चेहरा तिच्या हातांहून वेगळा नाही." बोलता बोलता तो माझ्याऐवजी तुझ्याशीच बोलायला लागला होता. 'तू जेवायला गेली असशील' असं मला म्हणाला.

"मग ती परत आल्यावर भेटला का नाहीत?"

"शिडीवर चढली. वर चढलेल्या माणसाला खालून हाक मारू नये. पाय सटकतो."

संध्याकाळी सुटणारी शेवटची बस पकडून तो परत आला. तू शिडीवरून उतरेपर्यंत थांबला असता तर बस चुकली असती, असं म्हणतो. तुझ्या दादाला बस चुकायची भीती कधीपासून वाटायला लागली, ते त्यालाच विचार.

मशीन विकत घेणारा माणूस तारीख पक्की करायला येऊन गेला.

वहिनी

२० एप्रिल

प्रिय खारूताई,

फोल्डर पोचला. इतका दोरा गुंडाळला होतास की दादा म्हणाला, "हिला छापू द्यायचंय की नाही?" आत तुझी चिठ्ठी: 'पिवळ्याला घाबरू नका. आणि रंग कातडीशी जुळवा, कागदाशी नाही.' ती आपल्या मशीनवालीने, हूंकाकाच्या लेकीने, स्क्रूंच्या वर चिकटवून टाकली.

चित्रं बाहेर काढली तेव्हा सगळे टेबलावर वाकले. मनोऱ्याच्या टोकावर, घड्याळाच्या मोठ्या काट्याला लोंबकळलेली ती, आणि तिच्या मानेवर संध्याकाळचं ऊन. सावळ्या कातडीवर ऊन कसं पडतं, ते तू तेव्हाच, इतक्या लहान वयात बघून ठेवलं होतंस. मी शब्द लिहिले त्याचं मला फार कौतुक वाटायचं. परवा ते चित्र बघताना वाटलं, मी शिडी धरून उभी होते, एवढंच. पण मला शिडी धरायला मिळाली.

नव्या प्लेटा आल्या आणि आज सकाळी छपाई झाली. सगळं सांगते, कारण तू तिथे असायला हवी होतीस.

पहिले ताव लालसर आले. उन्हात करपल्यासारखी दिसत होती मुलगी. मग काळी शाई वाढवली, तर चेहरा मातकट, डोळे कुठे आहेत ते शोधावं लागे. दादा भिंग लावून प्रत्येक तावावर वाकत होता आणि मान हलवत होता. हूंकाका स्टुलावर बसला होता. त्याला नीट दिसत नाही, पण लेक स्क्रूपाशी गेली की हा आपोआप उठायचा आणि त्याचा हात पुढे यायचा. तिने त्यावर हळूच चापट मारली.

"बाबा, हात मागे."

"सवय गं."

"मागे घ्या. नाहीतर खिशात घाला."

त्याने खरंच दोन्ही हात खिशात घातले आणि सगळं संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

मग तिने पिवळा वाढवला. तुझी चिठ्ठी वाचून. ताव निघाला, तो तिने खिडकीपाशी नेला, कोपरापर्यंत बाही सरकवली आणि शाई ओली असताना आपला हात त्याच्या शेजारी धरला. कागदाकडे बघायची, हाताकडे बघायची. मला ओट्यावरचा कप आठवला आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आणखी थोडा निळा, आणखी एक ताव, पुन्हा हात. असं करता करता ती थांबली.

"काकू, या इकडे. ही बघा."

चेहरा आणि हात एकाच मुलीचे. विटांत कुठेही पट्टा नाही.

तुला माहीतच आहे, पसंत पडलेल्या पहिल्या तावावर मालकाची सही झाल्याशिवाय आपल्याकडे पुढचा कागद सुटत नाही. दादाने पेन काढलं, टोपण काढलं, आणि पेन मशीनवालीपुढे धरलं.

ती म्हणाली, "काका, मालक तुम्ही."

"छापखाना माझा. पण रंग तुझा आहे. तू सांग बरोबर आहे का, आणि सही कर."

तिने हात पॅन्टला पुसले, दोनदा पुसले, आणि सही केली. इतकी मोठी की मनोऱ्याच्या पायथ्यापासून शिडीपर्यंत गेली. तिचा बाप विचारत होता, "केली का? कुठे केली? मोठी केली का?" ती म्हणाली, "तुम्हालाही दिसेल एवढी."

मग मशीन सुटलं. इतक्या वर्षांत ते इतकं सुरळीत चालल्याचं मला आठवत नाही. दादा म्हणाला, त्याला कळलंय हे शेवटचं काम.

वहिनी

२ मे

प्रिय खारूताई,

मशीन गेलं. मोठ्या खोलीत आता तेलाचे चार डाग आणि उजेड आहे. ज्याने मशीन घेतलं, त्याने मशीनवालीलाही कामावर घेतलंय. ती म्हणाली, "मशीन मला सोडून कुठे जाणार होतं?" पहिल्याच दिवशी तिथेही कुणीतरी विचारलं, मशीनमन कुठाय. "बोला," ती म्हणाली.

या पार्सलात दोन गठ्ठे आहेत. कुणाला काय द्यायचं ते लिहिते, म्हणजे तू सगळं स्वतःजवळ ठेवून बसायची नाहीस. तुझी साठवायची खोड मला माहीत आहे, नाव उगाच नाही पडलं.

निळ्या दोऱ्याचा गठ्ठा इस्पितळातल्या मुलांसाठी. ज्यांना खिडकीतून तुझी भिंत दिसत नाही, त्यांना आधी दे. ज्यांना दिसते त्यांनाही दे, पण नंतर.

पांढऱ्या दोऱ्याचा तुझ्या चित्रवर्गासाठी. हुशार मुलीला बक्षीस म्हणून देऊ नकोस. जी मुलगी कशाच्या तरी शेजारी हात धरून रंग शोधत असेल, तिला न विचारता दे. तशी कुणी दिसली नाही तर खडूची पेटी समोर ठेव आणि थोडी वाट बघ.

एक प्रत मी माझ्या शाळेत पाठवली. आमच्या वेळच्या सिस्टर आता नाहीत. नव्या सिस्टरना लिहिलंय की ती वाचनालयात ठेवू नका, चित्रकलेच्या कपाटात खडूंशेजारी ठेवा. त्यांचं उत्तर आलं, तुझ्यापेक्षा लवकर. ठेवली म्हणतात.

हूंकाकाला एक दिली. त्याने वास घेतला, मुखपृष्ठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "चेहरा इथे आहे ना?" लेकीने त्याचं बोट धरून बरोबर जागेवर ठेवलं. जुनी फिकी प्रत मी टाकून देणार होते. ती मशीनवालीने मागून घेतली. म्हणाली, "काकू, मी हीच वाचून मोठी झाले. फिकी असली तरी मनोरा चढलीच की ती." तेव्हा ती तिची.

सही केलेला ताव गुंडाळून नळकांड्यात घातलाय. तो तुझा. भिंतीवर लाव किंवा खाटेखाली ठेव, पण घडी घालू नकोस.

माझ्यासाठी मी एकच ठेवली, स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याशेजारी.

दादाची मी त्याला द्यायला गेले, तर घेतली नाही. म्हणाला, "माझी तिच्या हातून घेईन. आणि घाई नाही म्हणून कळव. शिडीवर असेल तर असू दे." म्हणून ती कागदात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलीये. तिथे माझा हात पोचत नाही, त्याचे गुडघे वर चढू देत नाहीत. घरात दुसरं कुणी नाही. येशील तेव्हा स्टूल घे, वर चढ, आणि काढून त्याला दे.

तुझी,
वहिनी